‘किती दिवस?’ : फुप्फुसाचा कर्करोग आणि आयुष्याचा हिशेब

तपासणीचा कागद हाती येतो. बायॉप्सीच्या अहवालात ‘फुप्फुसाचा कर्करोग’ असे शब्द असतात. वडील आत खाटेवर असतात, आणि थोरला मुलगा व्हरांड्यात डॉक्टरांना गाठून, आवाज खाली करून विचारतो, “डॉक्टरसाहेब, बाबांचे किती दिवस आहेत?” डॉक्टरांपुढे अजून चाळीस रुग्ण खोळंबलेले असतात. ते म्हणतात, “सहा महिने. फार तर आठ.”

एवढे एक वाक्य घरी येते, आणि त्या दिवसापासून घराचा कारभार तेच पाहू लागते. धाकटीचे लग्न घाईघाईने उरकण्यात येते. शेताचा तुकडा विकायला निघतो. किंवा अगदी उलट, “सहाच महिने राहिले, मग औषधांवर पैसा कशाला घालवायचा?” असे म्हणून, ज्याला उपचाराने पुष्कळ लाभ झाला असता त्याचाही उपचार थांबवला जातो. आपण मंडळीतील माणसे भेटीला जातो तेव्हा, प्रार्थनेपूर्वीच, अंगणात चपला काढता काढता हळूच तोच प्रश्न विचारतो : “काय म्हणाले डॉक्टर? किती दिवस?” आणि ज्याच्याविषयी हा सर्व हिशेब चाललेला असतो त्याला मात्र ‘छातीत पाणी झाले आहे’ यापलीकडे कोणी काही सांगितलेले नसते.

या पाठात आपण त्या एका वाक्याचाच अभ्यास करणार आहोत. तो आकडा कोठून येतो, त्याचा अर्थ काय, गेल्या काही वर्षांत तो कसा बदलला, आणि तो ऐकल्यावर आपण काय करावे. विषय जड आहे, आणि त्यात थोडे गणितही आहे. वाचकांनी कंटाळा करू नये. हे गणित न समजल्यामुळे कित्येक घरांत मोठी हानी झाली आहे.

आकडा म्हणजे काय?

आपण शाळेत सरासरी शिकलो, पण डॉक्टर जो आकडा सांगतात तो बहुधा सरासरीचा नसतो. त्याला गणितात ‘मध्यक’ म्हणतात. त्याची रीत सोपी आहे. एकाच प्रकारचा व एकाच अवस्थेचा रोग असलेले शंभर रुग्ण घ्या. निदान झाल्या दिवसापासून महिने मोजत चला. त्यांतील पन्नासावा रुग्ण ज्या महिन्यात मरण पावला तो महिना म्हणजे मध्यक. समजा तो बारावा महिना आहे. मग डॉक्टर म्हणतात, ‘साधारण वर्षभर’. याचा अर्थ रुग्ण बाराव्या महिन्यात जाईल असा मुळीच नव्हे. याचा अर्थ एवढाच की शंभरांतील पन्नास जण त्या दिवशी अजून हयात आहेत.

ते उरलेले पन्नास कोठवर जातात? येथेच बहुतेकांची समजूत चुकते. आपल्याला वाटते, महिना-दोन महिने इकडे किंवा तिकडे. वास्तविक डाव्या बाजूला भिंत आहे, कारण शून्याच्या अलीकडे कोणी जाऊ शकत नाही. उजव्या बाजूला तशी भिंत नाही. काही जण दोन वर्षे, काही चार, आणि थोडे त्याहूनही पुढे जातात. ऑस्ट्रेलियातील कर्करोगतज्ज्ञांनी अनेक अभ्यासांचे आकडे ताडून एक ठोकताळा बसवला आहे, आणि तो आपण पाठच करून ठेवावा. सुमारे निम्मे रुग्ण मध्यकाच्या निमपटीपासून दुपटीपर्यंतच्या काळात जातात. दहांतील एखादा तिपटीच्याही पुढे जातो. आणि दहांतील एखादा मध्यकाच्या चौथ्या हिश्श्याइतकाही काळ काढत नाही. म्हणजे ‘वर्षभर’ या एका शब्दात तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचे आणि त्यापुढचेही आयुष्य दडलेले असते.

याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांचे आहे. १९८२ साली, चाळिशीत असताना, त्यांना पोटाच्या अस्तराचा मेसोथेलिओमा झाल्याचे आढळले. हा रोग फुप्फुसाच्या कर्करोगाहून निराळा आहे, पण तितकाच, किंबहुना अधिक, भयंकर समजला जाई. ग्रंथालयात जाऊन त्यांनी वाचले तेव्हा मध्यक आठ महिने असल्याचे दिसले. दुसरा कोणी तेथेच खचला असता. गूल्ड यांचा आकडेशास्त्राचा अभ्यास होता. त्यांनी विचार केला की, माझे वय कमी आहे, रोग लवकर सापडला आहे, उपचार उत्तम मिळत आहेत. तेव्हा मी मध्यकाच्या उजव्या बाजूला असण्याचा पुष्कळ संभव आहे. १९८५ साली त्यांनी यावर एक लेख लिहिला, आणि तो आजही रुग्णांच्या हाती दिला जातो. त्या निदानानंतर ते वीस वर्षे जगले.

एवढ्यावर थांबून टाळ्या वाजवणारे पुष्कळ असतात, पण उरलेली गोष्टही सांगितली पाहिजे. २००२ च्या आरंभी त्याच गूल्ड यांना एक वेगळा कर्करोग झाला, आणि तो फुप्फुसाचा होता. सापडला तेव्हा तो मेंदूपर्यंत पसरलेला होता. थोड्याच आठवड्यांत, २० मे २००२ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी ते वारले. एकच मनुष्य, तीच बुद्धी, तीच जिद्द. पहिल्या वेळी तो रांगेच्या उजव्या टोकाला उभा होता, दुसऱ्या वेळी डाव्या. दोन्ही वेळा आकडे खोटे नव्हते, आणि दोन्ही वेळा त्यांनी त्या एका माणसाविषयी निश्चित असे काहीच सांगितले नव्हते. दुखणेकऱ्याच्या उशाशी बसून ‘धीर धरला की सारे निभावते’ असे सांगणाऱ्यांनी हा दुसरा भाग विसरू नये. जो लवकर गेला त्याचा विश्वास किंवा धीर कमी पडला, असे म्हणणे क्रूरपणाचे आहे.

हिज्कीया राजाला १५ वर्षे मोजून मिळाली, हे आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु व्हरांड्यातले डॉक्टर म्हणजे यशया नव्हेत, आणि त्यांनी तसा दावाही केलेला नसतो. त्यांच्या अंदाजाची परीक्षाही झालेली आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अमेरिकेतील शिकागो येथे शेवटच्या अवस्थेतील ४६८ रुग्णांबद्दल ३४३ डॉक्टरांना विचारण्यात आले की, हा रुग्ण किती दिवस जगेल? केवळ शेकडा २० अंदाज बऱ्यापैकी बरोबर निघाले. शेकडा ६३ वेळा डॉक्टरांनी खऱ्याहून अधिक काळ सांगितला होता. आणखी गंमत अशी, गंमत म्हणणे बरे नव्हे, की डॉक्टरांची व रुग्णाची ओळख जितकी जुनी तितका अंदाज अधिक चुकीचा होता. जिव्हाळ्याने डोळ्यांपुढे पडदा येतो, तो डॉक्टरांच्याही येतो.

कोणता, आणि किती पसरलेला?

‘फुप्फुसाचा कर्करोग’ हे एका रोगाचे नाव नाही. व्हरांड्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी निदान चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात, आणि त्या ठाऊक होईपर्यंत कोणी महिने सांगू लागला तर ते मनावर घेऊ नये.

पहिली गोष्ट प्रकाराची. शंभरांतील सुमारे पंधरा रुग्णांना ‘स्मॉल सेल’ प्रकार असतो. तो बहुतेक वेळा धूम्रपान करणाऱ्यांत आढळतो, झपाट्याने वाढतो, केमोथेरपीने तितक्याच झपाट्याने ओसरतो, आणि दुर्दैवाने बहुधा परत येतो. बाकीचे सर्व ‘नॉन-स्मॉल सेल’ या गटात मोडतात, आणि त्यांत ‘ॲडेनोकार्सिनोमा’ हा आज सर्वांत अधिक आढळणारा प्रकार आहे. ज्यांनी आयुष्यात विडी-सिगारेट ओठाला लावली नाही अशांना, विशेषतः स्त्रियांना, जेव्हा हा रोग होतो तेव्हा तो बहुधा याच प्रकारचा असतो.

दुसरी गोष्ट अवस्थेची, म्हणजे आता सर्वांच्या तोंडी झालेल्या ‘स्टेज’ची. १९९९ ते २०१० या काळात निदान झालेल्या अनेक देशांतील रुग्णांची नोंद एकत्र करून तज्ज्ञांनी जे कोष्टक केले ते असे सांगते. पहिल्या स्टेजची, एक सेंटिमीटरपर्यंतची गाठ असेल तर पाच वर्षांनी शेकडा ९२ रुग्ण हयात असतात. त्याच स्टेजची गाठ मोठी असेल तर शेकडा ६८. दुसऱ्या स्टेजमध्ये शेकडा ५३ ते ६०. तिसऱ्यात, छातीतल्या ग्रंथींपर्यंत रोग गेला की, तो किती पसरला यावर शेकडा ३६ पासून १३ पर्यंत. चौथ्या स्टेजमध्ये, म्हणजे रोग मेंदू, यकृत, हाडे किंवा दुसऱ्या फुप्फुसात पोहोचला की, शेकडा १० किंवा त्याहूनही कमी.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाच वर्षांचा हिशेब मांडायचा तर पाच वर्षे थांबावेच लागते. म्हणून छापलेला प्रत्येक असा आकडा जुन्या उपचारांचा असतो. तो मागे पाहणारा आरसा आहे.

आपल्या देशातील दुःख असे की, बहुसंख्य रुग्ण तिसऱ्या किंवा चौथ्या स्टेजमध्येच रुग्णालयात पोहोचतात. याचे एक मोठे कारण क्षयरोग आहे. खोकला, वजन घटणे, थुंकीत रक्त, एक्स-रेमध्ये डाग : ही लक्षणे दोन्ही रोगांत सारखीच दिसतात, आणि क्षय आपल्याकडे इतका आहे की प्रथम त्याचाच संशय येतो. थुंकीत जंतू सापडलेले नसताना क्षयाची औषधे चालू होतात, आणि ‘थोडा फरक पडतोय’ म्हणत महिने निघून जातात. चाळिशी उलटलेल्या माणसाला क्षयाच्या औषधांनी दोन महिन्यांत उतार पडला नाही, तर सी.टी. स्कॅन व बायॉप्सीबद्दल विचारण्यास संकोच करू नये. या एका प्रश्नाने एखाद्याचे आयुष्य जितके वाढेल तितके नंतरच्या पुष्कळशा महागड्या औषधांनी वाढणार नाही.

तिसरी गोष्ट, रुग्णाची स्वतःची शक्ती. तो उठून आपले आपण स्नान करतो का, बाजारापर्यंत जाऊन येतो का, की दिवसाचा अधिक वेळ अंथरुणातच जातो? डॉक्टर यासाठी शून्यापासून चारपर्यंत श्रेणी देतात, आणि कित्येकदा वयापेक्षा या श्रेणीलाच अधिक महत्त्व असते. सत्तरीचा चालता-फिरता मनुष्य पन्नाशीतल्या खाटेला खिळलेल्या माणसापेक्षा उपचार अधिक सोसतो. चौथी गोष्ट आहे गाठीच्या जनुकांची तपासणी. तिच्याविषयी जरा सविस्तर सांगितले पाहिजे.

गेल्या वीस वर्षांत काय बदलले?

व्हरांड्यातले ‘सहा ते आठ महिने’ हे उत्तर डॉक्टरांनी मनाने रचलेले नव्हते. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. चौथ्या स्टेजच्या, किंवा तिच्या जवळ पोहोचलेल्या, रुग्णांना केमोथेरपीच्या चार निरनिराळ्या जोड्या देऊन पाहिल्या होत्या. चारींचा परिणाम जवळजवळ सारखाच निघाला : मध्यक ७.९ महिने, वर्षाअखेर शेकडा ३३ हयात, दोन वर्षांअखेर शेकडा ११. त्या काळी हेच सत्य होते. ज्यांनी त्या काळात आपली माणसे गमावली त्यांच्या मनात हाच आकडा घर करून बसला आहे, आणि तेच आज शेजारच्या घरी जाऊन तो सांगतात.

पुढे २००४ साली असे कळून आले की, काही रुग्णांच्या गाठीत ‘ई.जी.एफ.आर.’ नावाच्या जनुकात बिघाड असतो आणि तोच रोगाला चालना देत असतो. हा बिघाड असेल तर रोज एक गोळी घेऊन रोग पुष्कळ काळ दबून राहतो. धूम्रपान न करणाऱ्यांत आणि आशियातील लोकांत तो अधिक आढळतो. भारतात ॲडेनोकार्सिनोमाच्या रुग्णांपैकी सुमारे पाव हिश्शात तो असतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशा ३५० रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्यांना ‘जेफिटिनिब’ ही गोळी दिली, निम्म्यांना गोळी व केमोथेरपी दोन्ही. २०२० साली छापलेल्या निकालात, नुसत्या गोळीवर रोग आठ महिने आवरला गेला आणि दोन्हींवर सोळा महिने. आयुष्याचा मध्यक नुसत्या गोळीवर १७ महिने आला, आणि दोन्ही उपचार मिळालेल्या गटाचा मध्यक तोवर मोजताच आला नव्हता, कारण निम्म्याहून अधिक रुग्ण अजून हयात होते. ही गोळी आता आपल्या देशातच बनते व फार महाग नाही. तिच्याहून नवी ‘ओसिमर्टिनिब’ आहे. एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात तिच्यावरील रुग्णांचा मध्यक ३८.६ महिने भरला.

‘ए.एल.के.’ या दुसऱ्या बिघाडाचे रुग्ण थोडे आहेत, पण त्यांची कथा त्याहूनही आश्चर्याची आहे. २०२४ साली जाहीर झालेल्या एका निकालात, ‘लोर्लाटिनिब’ घेणाऱ्यांपैकी शेकडा ६० जणांचा रोग पाच वर्षांनंतरही वाढलेला नव्हता. हे सर्व रोग पसरलेले रुग्ण होते, हे विसरू नये.

तिसरी वाट इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक शक्तीला जागे करणाऱ्या औषधांची. गाठीवर एक विशिष्ट खूण मोठ्या प्रमाणात असलेल्या, रोग पसरलेल्या रुग्णांत, अशा औषधाने पाच वर्षांनी शेकडा सुमारे ३२ हयात राहिले. ज्यांनी केमोथेरपीने आरंभ केला त्यांच्यात शेकडा सुमारे १६. स्मॉल सेल प्रकारातही, रोग छातीपुरताच असलेल्या व पहिला उपचार लागू पडलेल्या रुग्णांचा मध्यक अशाच औषधाने सुमारे ३३ महिन्यांवरून ५६ महिन्यांवर गेल्याचे २०२४ मध्ये दिसून आले.

आता या चित्राची दुसरी बाजू. अशा अभ्यासांत घेतलेले रुग्ण बहुधा चालते-फिरते व इतर दुखणी नसलेले असतात. आपल्या घरचा रुग्ण तसा नसेल तर त्याला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. ज्यांच्या गाठीत औषध लागू पडणारा बिघाड नाही त्यांना त्या गोळीचा उपयोग नाही. नुसती आशा म्हणून ती विकत घेऊ नये. इम्युनोथेरपीचा खर्च लाखांच्या घरात जातो. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत साहाय्य मिळते, पण प्रत्येक औषध तिच्यात बसते असे नाही. म्हणून घर किंवा जमीन विकण्यापूर्वी, मुंबईचे टाटा, बेंगळुरूचे किडवाई, हैदराबादचे एम.एन.जे. अशा मोठ्या कर्करोग रुग्णालयात कागद दाखवून दुसरे मत घ्यावे. आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, “या औषधाने शंभरांतील किती जणांना गुण येतो, आणि आला तर किती महिने टिकतो?” हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगले डॉक्टर त्याने सुखावतात.

धूम्रपानाविषयी दोन शब्द. निदान झाल्यावर पुष्कळ जण म्हणतात, “आता सोडून काय उपयोग?” उपयोग आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये काढलेल्या अनुमानाप्रमाणे, आरंभीच्या अवस्थेत रोग सापडलेल्या व निदानानंतर धूम्रपान सोडणाऱ्यांपैकी शेकडा ७० पाच वर्षे जगतील, आणि चालू ठेवणाऱ्यांपैकी शेकडा ३३. मात्र हा आकडा रुग्णाला मारण्याची काठी म्हणून कोणी वापरू नये. ‘विडी ओढायचे ना, मग भोगा’ हा भाव भेटीला येणाऱ्याच्या चेहऱ्यावर रुग्णाला दिसतो. आणि ज्या भगिनीने कधी धूर घेतला नाही तिलाही लोक तोच प्रश्न विचारतात!

त्रास हलका करण्यानेही आयुष्य वाढते

‘आता फक्त पॅलिएटिव्ह’ असे डॉक्टर म्हणाले की आपल्या लोकांना वाटते, हात टेकले. हा शब्द ऐकून रुग्णाला घरी नेणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः पॅलिएटिव्ह सेवा म्हणजे वेदना, धाप, झोप, भूक, मनाची घालमेल व घरच्यांची चिंता यांची नीट काळजी घेणे. ती अखेरच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची नसते.

२०१० साली अमेरिकेतील बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाने फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांना नेहमीचा कर्करोगाचा उपचार मिळाला. निम्म्यांना निदानापासूनच त्याच्या जोडीला पॅलिएटिव्ह सेवाही दिली. या दुसऱ्या गटाला उदासीनता कमी होती, दिवस बरे गेले, शेवटच्या दिवसांत त्यांना कमी केमोथेरपी व कमी दगदग झाली. आणि तरीही त्यांचा मध्यक ११.६ महिने निघाला, दुसऱ्यांचा ८.९. जवळजवळ तीन महिने अधिक. एखाद्या नव्या औषधाने तेवढा लाभ दिला असता तर ते केवढ्या किमतीला विकले गेले असते, याचा विचार करावा.

आपल्याकडे ही सेवा अजून विरळ आहे. पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत उघडले. मॉर्फिन तर १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या जाचामुळे कित्येक वर्षे दुर्मिळ झाले होते; २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल झाले. पण कायदा बदलला तरी मनातली भीती उरली आहे. ‘मॉर्फिन दिले म्हणजे संपले’ असे घरातील मोठी माणसे म्हणतात. योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन वेदना थांबवते व धापही कमी करते. त्याने आयुष्य कमी होत नाही. रात्र रात्र बसून काढणाऱ्या रुग्णाला ते नाकारणे यात कसलीही भक्ती नाही.

आता, सांगायचे कोणी आणि कसे?

आमच्या मते, सर्वांत मोठी चूक येथे होते. व्हरांड्यात मुलाने विचारले, त्याने ते आईपासून लपवले, आईला शेजारणीकडून कळले, आणि वडिलांना सर्वांच्या चेहऱ्यांवरून. महिनाभर सगळे एकमेकांपुढे नाटक करतात. वडिलांना मोठ्या भावाशी जुना तंटा मिटवायचा असतो, नातवाचे दान बघायचे असते, बँकेच्या पुस्तकावर आईचे नाव लावायचे असते. पण ‘तुम्ही बरे होणार’ असे म्हणणाऱ्यांपुढे हे बोलायचे कसे? ज्याचे आयुष्य, त्याला त्याचा हिशेब न कळता बाकीच्यांनी वाटून घेतलेला असतो.

ज्याला जाणून घ्यायचे नाही त्याच्यावर आकडा लादावा, असे आम्ही म्हणत नाही. आधी विचारावे. समजा, एक निवृत्त शिक्षक आपल्या मुलासह आले आहेत. डॉक्टर मुलाशी न बोलता त्यांच्याशीच बोलतात.

“गुरुजी, तपासणीचे निकाल आले आहेत. सगळे तपशीलवार सांगू, थोडक्यात सांगू, की तुमच्या मुलाशी बोलू?”

“मलाच सांगा. पण आकडे आज नकोत.”

पंधरा दिवसांनी गुरुजी स्वतःच म्हणतात, “डॉक्टरसाहेब, आता आकडा सांगा.”

“तुमच्यासारखे शंभर जण घेतले, तर निम्मे सहा महिने ते दोन वर्षे या काळात जातात. दहाएक जण तीन वर्षांच्याही पुढे जातात. आणि दहाएक जणांना तीन महिनेसुद्धा मिळत नाहीत. तुम्ही यांपैकी कोठे आहात हे मला आज सांगता येत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू, तेव्हा थोडे अधिक सांगेन.”

“म्हणजे हा नाताळ?”

“या नाताळची तयारी करा. त्याच्या पुढच्याबद्दल आपण मार्चमध्ये बोलू.”

या बोलण्यात खोटे काही नाही, आणि दार बंदही केलेले नाही. विशेष म्हणजे आकडा पुन्हा मोजला जाणार आहे. जो रुग्ण पहिले वर्ष पार करतो त्याचा हिशेब पहिल्या दिवसाच्या आकड्याने करता येत नाही. रांगेतले पुष्कळ जण मागे पडलेले असतात आणि तो नव्या रांगेत उभा असतो. तसेच उपचार लागू पडला नाही, वजन झपाट्याने उतरू लागले, तर तेही दोन महिन्यांनी कळते, आणि तेही सांगितलेच पाहिजे.

डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावेत : प्रकार कोणता, स्टेज कोणती, शस्त्रक्रिया होण्याजोगी आहे काय, जनुकांची तपासणी केली काय, हा उपचार रोग घालवण्यासाठी आहे की आवरून धरण्यासाठी, आणि त्रास हलका करणारी सेवा कोठे मिळेल. उत्तरे एकाने लिहून घ्यावीत. घाबरलेल्या माणसाच्या कानांत ऐकलेले अर्धे शिरत नाही. घरी बँक, विमा, पेन्शन व घराचे कागद पाहून ठेवावेत आणि नामनिर्देशन केलेले नसल्यास करून घ्यावे. याला अपशकून समजणारे असतील. पण ज्या विधवेला पुढे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या तिला विचारून पाहावे.

आणि आपण, जे भेटीला जातो? अंगणातला तो प्रश्न आपण विचारू नये. आत जाऊन, रुग्णाच्या जवळ बसून, त्यालाच विचारावे की रात्री झोप लागते का, दुखते कोठे, कशाची चिंता वाटते. तो बोलू लागला तर मध्येच तोडू नये. आणि पुढच्या आठवड्यात रुग्णालयात त्याच्याबरोबर कोण जाणार, गाडीभाडे कोण पाहणार, मागे घरी स्वयंपाक कोण करणार, हे तेथेच ठरवून उठावे.